आधी बॅटरी, मग बंदूक

(नाकाडोंगरी येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)

मैत्रिणींनो,

मला स्वसंरक्षणावर बोलायला सांगितलं आहे. कराटेचे दोन हात दाखवून मी मोकळी होईन, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. पण मघाशी चहा पिताना एकीने विचारलं, "बाई, आमच्या घरी परवान्याची बंदूक आहे. हे गावाला गेले की मी एकटी असते. वेळ आली तर चालवू का?" हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. तेव्हा आज त्यावरच बोलते.

बंदूक असलेल्या घरात मी वाढले. माझ्या माहेरी शेतीच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक होती. एका रात्री तुरीत खसखस झाली. डुक्कर आलं समजून बाबांनी बंदूक उचलली. आई मागून म्हणाली, "थांबा, आधी बॅटरी मारा." उजेड पडला तर समोर आमच्या शेजारची काकू. पोट बिघडलं म्हणून बिचारी अंधारात शेतात आली होती. त्या रात्री बाबा बराच वेळ ओट्यावर नुसते बसून राहिले. आईने बॅटरी मारायला लावली नसती तर काकूचा जीव गेला असता, बाबा तुरुंगात गेले असते, आणि दोन्ही घरच्या बायांना उरलेला जन्म ते निस्तरावं लागलं असतं.

म्हणून पहिली गोष्ट ही, की आवाजावर कधीही नेम धरायचा नाही. आपल्या भागात बाया उजाडायच्या आत मोहफुलं वेचायला निघतात. वाकलेली बाई अंधारात लांबून जनावरासारखीच दिसते. छर्रे पसरत जातात, आणि सुटलेला बार परत बोलावता येत नाही.

आता कायद्याचं ऐका. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. परवान्यावर ज्याचं नाव, त्यानेच बंदूक चालवायची. नवऱ्याच्या नावाचा परवाना बायकोच्या हाताला चालत नाही. पिकाच्या राखणीचा परवाना असला तरी दिसेल ते जनावर मारायची मुभा मिळत नाही. रानडुक्कर मारायलासुद्धा वनखात्याची परवानगी लागते. वाघ-बिबट अंगावर आला आणि स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना तो जखमी झाला, मेला, तर १९७२ चा वन्यजीव कायदा त्याला गुन्हा मानत नाही. पण ही सूट जीव वाचवण्यापुरती आहे.

माणसाच्या बाबतीतही तसंच. स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेत आला. हल्ला परतवायला जेवढं लागेल तेवढंच बळ वापरायचं, हे त्याचं सूत्र. जिवाचं भय असेल, बलात्काराचा, पळवून नेण्याचा किंवा ॲसिड फेकण्याचा प्रयत्न असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा बाईच्या पाठीशी उभा राहतो. मात्र कुणी चार कणसं तोडली म्हणून त्याच्यावर बार टाकला, तर तो खून ठरू शकतो. पळून जाणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणं हेही स्वसंरक्षण नव्हे.

मग करायचं काय? बंदूक घरात असली तरी तिच्या आधी पाच-सहा पायऱ्या आहेत. पहिली उजेड. लांब फेकीची बॅटरी उशाशी ठेवा. दुसरी आवाज. शिट्टी गळ्यात असू द्या, डबा बडवा, हाका मारा. शेजारणींनी मिळून खूण ठरवा, तीन शिट्ट्या झाल्या की सगळ्यांनी बाहेर यायचं. तिसरी काठी. माणूस हातभर अंतरावर येऊ न देण्यासाठी ती आहे. चौथी मिरचीचा फवारा. त्याला बंदुकीसारखा परवाना लागत नाही. पण वारा पाहून मारा, डब्यावरची मुदत तपासा, आणि मारल्यावर तिथे थांबू नका, उजेडाकडे पळा. पळून जाण्यात कमीपणा नाही. फोन लागत असेल तर ११२, बायांसाठी १८१, जनावराची खबर द्यायला वनखात्याचा १९२६.

रानात एकटीने जायचं नाही, वाकून काम करताना एकीने उभं राहून नजर ठेवायची. वाघ दिसला तर पाठ दाखवून धावू नका. एकत्र उभं राहा, मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरा.

शेतासाठी मचाणावर पाळीपाळीने जागल करा. गोवरीवर मिरची टाकून धूर करता येतो, सौर कुंपणही आहे. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागे फिरतं. पण खांबावरून आकडा टाकून तारेत वीज सोडू नका. त्या तारेने विदर्भात वाघ मेले, गुरं मेली आणि माणसंही मेली. ती तार बंदुकीपेक्षा वाईट, कारण समोर कोण आहे हे तिला कधीच दिसत नाही.

आता एक अवघड गोष्ट. बंदूक चोरासाठी म्हणून घरात येते, पण भांडणात ती बायकोवर रोखली जाते. गोळी सुटली नाही तरी ती हिंसाच आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश मागता येतो. शिवाय परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार त्यांना आहे. अर्जाची पोच घ्या. आणि तोवर, घरात बंदूक असेल तर ती रिकामी, कुलपात, दारू-छर्रे वेगळ्या जागी. बाटली उघडली त्या दिवशी किल्ली दुसऱ्याच्या हाती असावी, एवढं तरी ठरवून घ्या.

शेवटी मथुराची आठवण काढते. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात त्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नाही, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दोघाही पोलिसांना सोडलं. देशभरातल्या बाया रस्त्यावर आल्या, १९८३ साली कायदा बदलला. पुढे २०१३ मध्ये कायद्यातच लिहिलं गेलं, की अंगाने विरोध केला नाही एवढ्यावरून बाईची संमती होती असं धरता येणार नाही.

हे मुद्दाम सांगते. काठी, शिट्टी, मिरची हे सगळं शिका. पण उद्या एखादीला हात उचलता आला नाही, गळ्यातून आवाज फुटला नाही, तर "शिट्टी का नाही वाजवली?" असं तिला आपल्यापैकी कुणी विचारू नये. वाजवली तर धावून जायचं, आणि नाही वाजवता आली तरी तिच्या शेजारी बसायचं.

आता उठा. मैदानात काठ्या ठेवल्या आहेत. आणि आज घरी गेल्यावर बॅटरीचे सेल तपासा.