सूट कोणासाठी?

मंडळी, आषाढीला पंढरपुरात तुम्ही दर्शनबारीत उभे राहता. पाय अवघडतात, झोप येते, तरी माणूस बारी सोडत नाही. तेवढ्यात एखादा बाजूनं हळूच आत शिरतो. विचारलं तर म्हणतो, "माऊली, मी एकटा घुसलो तर काय बिघडतं?"

काय बिघडतं ते पहा. सगळेच घुसले तर बारीच उरणार नाही. आणि बारीच नसेल तर हा घुसणार कुठं? म्हणजे याला बारी हवी आहे, पण ती पाळायची दुसऱ्यांनी! जर्मनीत कांट नावाचे मोठे तत्त्ववेत्ते होऊन गेले. त्यांनी १७८५ साली हीच कसोटी ग्रंथात मांडली. तू ज्या नियमानं वागतोस, तो सर्वांचा नियम व्हावा असं तुला म्हणता येईल का? येत नसेल तर ते कर्म करू नकोस.

पण हे कांट फार कडक बरं का! खुनी दारात येऊन तुमच्या मित्राचा ठावठिकाणा विचारू लागला, तरी खोटं बोलू नये, असं ते म्हणतात. आता आपले भगवंत काय म्हणतात ते ऐका.

कर्णपर्वातली गोष्ट. धर्मराज रागाच्या भरात अर्जुनाला म्हणाले, "तुझं गांडीव दुसऱ्याला देऊन टाक." असं म्हणणाऱ्याचा वध करीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा. तेवढ्यासाठी त्यानं थोरल्या भावावर तलवार उपसली! तेव्हा भगवंतांनी त्याला कौशिकाची कथा सांगितली. हा कौशिक ब्राह्मण नदीच्या संगमावर राही. सदा सत्य बोलायचं, हे त्याचं व्रत. एकदा काही माणसं चोरांच्या भयानं रानात लपली. चोरांनी कौशिकाला विचारलं. यानं खरं ते सांगितलं. चोरांनी ती माणसं मारली, आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला!

इथं एखादा लबाड म्हणेल, "चला, देवानंच खोटं बोलायला सूट दिली!" थांबा बुवा. सूट कोणासाठी होती? जीव मुठीत धरून पळणाऱ्यांसाठी. कौशिकानं विचार केला तो स्वतःच्या व्रताचा. बारीत घुसणाऱ्यानं विचार केला तो स्वतःच्या सोयीचा. एकानं नियम पाळला, दुसऱ्यानं मोडला. रोग मात्र एकच, 'मी'!

त्याच बारीत एखाद्या म्हातारीला भोवळ आली, तर लोक आपण होऊन तिला पुढे नेतात. कोणी कुरकुरत नाही. कारण अशा वेळी कुणालाही पुढे न्यावं, हे प्रत्येकाला मान्य असतं. ती सूट सर्वांचीच आहे.

म्हणून नियम मोडावासा वाटला, की मनाला दोन प्रश्न विचारा. सगळे असंच वागले तर चालेल का? आणि ही सूट मी मागतोय ती कोणासाठी? उत्तर 'माझ्यासाठी' असं आलं, तर मुकाट्यानं बारीत उभे राहा. विठोबाला घाई नाही. तोही विटेवर उभाच आहे.

बोला, पुंडलिक वरदा हरी विठ्ठल!