अमीरपेटच्या नोट्सपुढे



हैदराबादच्या अमीरपेटला झेरॉक्सच्या दुकानांत जावा, लिनक्स, क्लाउडच्या नोट्स गठ्ठ्यांनी मिळतात. त्या वाचून मुलाखत पार पडते, हायटेक सिटीत नोकरी लागते. ज्या घरात आयटीतला पहिलाच पगार येणार, तिथे ही लहान गोष्ट नाही. म्हणून त्या नोट्सना मी नावं ठेवणार नाही. पण त्या कमांड सांगतात, कारण सांगत नाहीत; आणि सर्व्हर अडला की कारणच लागतं. नेहमीचा प्रसंग घ्या. डिस्क भरते, कोणीतरी भलीमोठी लॉग फाइल पुसतं, तरी 'डीएफ' ही कमांड डिस्क भरलेलीच दाखवते आणि फायलींची जागा मोजणाऱ्या 'डीयू'च्या बेरजेत मात्र ती जागा सापडत नाही. नुसत्या नोट्सवर शिकलेला सर्व्हर रीस्टार्ट करतो. जागा सुटते, पण का सुटली ते कळत नाही. रिचर्ड स्टीव्हन्स यांचं 'ॲडव्हान्स्ड प्रोग्रामिंग इन द युनिक्स एन्व्हायर्नमेंट' वाचलेल्याला ठाऊक असतं, की पुसलं जातं ते फाइलचं नाव. एखाद्या प्रोग्रामने ती उघडी धरली असेल, तर तो सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. असा वाचक नेमका तेवढाच प्रोग्राम शोधून थांबवतो. बाकीच्यांचं काम चालू राहतं.

हे पुस्तक १९९२चं. तंत्रज्ञान रोज बदलतं, मग इतकं जुनं कशाला वाचायचं, असं कोणी म्हणेल. बदलतं ते वरवरचं. पाया फार सावकाश हलतो. इंटरनेटवरच्या जोडणीचे, म्हणजे टीसीपीचे, १९८१चे नियम २०२२ मध्ये नव्याने लिहिले गेले, तरी जोडणी सुरू करताना होणारी तीन निरोपांची देवाणघेवाण तीच राहिली. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: आता विचारलं की एआय उत्तर देतं. देतं, आणि पुष्कळदा बरोबरही देतं. पण 'डिस्क भरली' एवढंच विचारलं, तर आणखी फायली पुसा असाही सल्ला मिळू शकतो. चालू डेटाबेसच्या सर्व्हरवर तो पाळायचा की नाही, हे रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या माणसालाच ठरवावं लागतं, आणि त्या वेळी वाचायला सवड नसते.

म्हणून हे आधीच वाचलेलं हवं. स्टीव्हन्स यांच्या इंग्रजीची धास्ती असेल, तर नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'पासून सुरुवात करा. भाषा सोपी आहे. मग कर्निहन आणि रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक घ्या. त्याचं आठवं प्रकरण घाई न करता वाचा, युनिक्सशी थेट गाठ तिथेच पडते. आपल्या प्राचार्यांना माझी विनंती आहे, की ही पुस्तकं ग्रंथालयातल्या संदर्भ विभागाच्या कपाटात बंद ठेवू नयेत. दोन-दोन जादा प्रती घ्याव्यात आणि सेमिस्टरभर घरी नेऊ द्याव्यात.