आपले पान आपल्या नावावर असावे
(राळेगणसिद्धी येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे एका वकील बंधूंनी केलेले भाषण)



३१ जानेवारी १९२० रोजी पूज्य बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही, हे तुम्ही ऐकले आहेच. लेखणी आपली होती, वाचक आपला होता. पान तेवढे दुसऱ्याचे होते. म्हणूनच पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता' आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' निघाले.

तुम्ही म्हणाल, आता कोण अडवतो? दीक्षाविधीचे छायाचित्र क्षणात फेसबुकवर जाते. जाते खरे, पण कोणाच्या वाड्यात? ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी मालकाच्या मर्जीने बंद झाले. कोणी टोळक्याने खोट्या तक्रारी केल्या, तर तुमचे खाते बंद पडू शकते. २०२१ च्या नियमांनी तक्रार अधिकारी दिला, २०२२ च्या दुरुस्तीने अपील समिती दिली. तो मार्ग अवश्य चोखाळावा. परंतु निकाल लागेपर्यंत तुमचे लेखन कोठे राहणार?

याच गावाचे पाहा. १९७५ नंतर येथे झालेल्या पाणलोटाच्या कामावर किती लिहिले गेले! दलित कुटुंबांचे कर्ज गावाने श्रमदान करून फेडले, ही हकीकत तर दूरवर सांगितली जाते. त्या कुटुंबांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावाने लिहिलेली हकीकत मात्र माझ्या वाचनात नाही. ती गोड असेल, कडू असेल. सांगण्याचा अधिकार त्यांचा आहे.

म्हणून माझे सांगणे असे की, प्रत्येक वस्तीने, जमल्यास प्रत्येक घराने, आपले साधे संकेतस्थळ करावे. नाव नोंदविण्यास वर्षाकाठी हजार रुपयांच्या आतबाहेर खर्च येतो. '.भारत' हे नागरी लिपीतील नावही २०१४ पासून मिळते. दोन-चार पानांची मांडणी कॉलेजात जाणारी तुमची मुलगी महिन्याभरात शिकेल. आजीने देव्हाऱ्यातील देव कधी व कसे विसर्जित केले, त्या दिवशी भावकी काय बोलली, हे तिच्याच शब्दांत तेथे लिहा.

आता वकील म्हणून दोन शब्द. नावाची नोंद करून देणाऱ्या पोराच्या नावावर ती ठेवू नका. विहाराच्या किंवा कुटुंबप्रमुखाच्या नावावर करा, आणि नूतनीकरणाची तारीख दिनदर्शिकेवर लिहा. जातीचा दाखला, आधार, मुलांच्या शाळेचे नाव तेथे कदापि टाकू नका. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, हे सर्वांना सांगा. मात्र स्वतःचे कागद पेटीतच राहू द्या.

आपले घरही पाडले जाते, हेही विसरू नका. जून २०१६ मध्ये दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले, त्यात बाबासाहेबांचा बुद्धभूषण छापखानाही गेला. संकेतस्थळ ज्या यंत्रावर राहते ते यंत्रही शेवटी भाड्याचेच. म्हणून प्रत्येक पानाची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक कागदावर काढून विहाराच्या कपाटात ठेवा. या पौर्णिमेला वंदना झाल्यावर वही घेऊन बसा. पहिले पान कोणाच्या आजीचे, ते तेव्हाच ठरवू.

जय भीम!