बियाणं सुगीत राखावं लागतं



मला दिलेला विषय आहे ‘संकटकाळी देवावर भरवसा’. बोलायला मिनिटं चार. त्यामुळे विषयाशीच आधी भांडून घेते. भरवसा संकट आल्यावर गोळा करता येत नाही. तो सुगीत राखून ठेवावा लागतो, बियाण्यासारखा.

आमच्या आजीच्या चुलीवर, आढ्याला ज्वारीची कणसं टांगलेली असायची. काढणीआधी आजोबा शेतात हिंडून भरदार कणसं निवडत आणि त्यांचे झुबके बांधत. वर्षभर चुलीचा धूर खाऊन ती काळपट होत, पण कीड लागत नसे. कणगी रिकामी झाली की आजी शेजारून मापटंभर ज्वारी उसनी आणायची. वरच्या कणसांना मात्र हात लावू द्यायची नाही. म्हणायची, “ते खायाचं न्हाई, पेरायचं हाय.”

रोजचा हरिपाठ, सांजवात, वर्षाची वारी म्हणजे हा चुलीचा धूर. त्यात चमत्कार काही नाही. डोळे चुरचुरतात, कधी कंटाळाही येतो. पण बी किडत नाही.

तुकोबांचं चरित्र तुम्हाला पाठच आहे. 1630 च्या आसपासचा तो दुष्काळ. वय विशी-बाविशीचं. वाण्याचा धंदा बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला. मग त्यांनी केलं काय? देहूचं पडकं झालेलं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त करायला घेतलं! घरात खायला नसताना हे बळ कुठून आलं? त्यांचे पूर्वज विश्वंभरबोवा, त्यांच्यापासून त्या घरात पंढरीची वारी होती. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी ती कणसं आढ्याला टांगून ठेवली होती. दुष्काळानं कणगी नेली, झुबका राहिला. आणि याच तुकोबांनी पुढं विठोबाशी कडाकडा भांडणंही केली. भरवसा असलेला माणूस भांडतो. परक्याशी कोण भांडेल?

2020 ची आषाढी आठवा. कोरोनामुळे पालखीसोबत चालणं बंद. पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आमच्या आळीतल्या एक आजी वारी चुकली म्हणून रडल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून गळ्यात वीणा अडकवून अंगणातच फेऱ्या घालू लागल्या. त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. तीस वर्षांचा धूर बसला होता.

आता थोडं रागावते. निकालाच्या आदल्या रात्री नवस बोलायचा, ‘अकरा जणांना पाठवा’ असे निरोप मोबाइलवरून पुढे ढकलायचे, आणि काम झालं नाही की देव्हाऱ्याकडे पाठ फिरवायची. अहो, मृग निघाल्यावर बियाणं शोधत हिंडणारा शेतकरी आणि आपण यांत फरक काय? आणि बियाणं असलं तरी पाभर आपल्यालाच धरायची असते. दुखणं आलं की आधी डॉक्टरकडे जा. विठोबा त्यानं रुसत नाही.

पुन्हा सांगते, कारण एवढंच लक्षात राहिलं तरी पुरे: सुगीत राखा. आज घरात सगळं बरं आहे ना? मग आजच पाच मिनिटं बसा.

आणि ज्यांचं बियाणंही दुष्काळात खाऊन संपलं, त्यांना बोल लावू नका. पोटचं पोर गेलेल्या घरी जाऊन ‘देवाची इच्छा’ असं तर चुकूनही म्हणू नका. नुसतं शेजारी बसा, भाकरी घेऊन जा. पेरणीला शेजारी एकमेकांना मूठभर बी देतात, तसाच भरवसाही उसना मिळतो. माझाही एकदा संपला होता, तेव्हा शेजारणीनं... पण ती गोष्ट मोठी आहे आणि वेळ झाली.

कणसांकडे लक्ष असू द्या. रामकृष्णहरी.