शिकारीची गोळी : साधी कीं सांधलेली ?

शिकारीची गोष्ट निघाली म्हणजे बोलणें होतें तें बहुधा रायफलीचें, नेमबाजीचें आणि शिकाऱ्याच्या धैर्याचें. बोटाच्या पेराएवढ्या ज्या धातूच्या तुकड्यावर जनावराचें मरण क्षणाचें होणार कीं हालाचें हें ठरतें, त्या गोळीचा विचार मात्र क्वचितच होतो. तोच विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हौसेची शिकार बंद झाली. उत्तर अमेरिकेंत मात्र परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामांत हरणाची शिकार करणारीं आणि तें मांस पुढें कित्येक महिने घरीं खाणारीं कुटुंबें पुष्कळ आहेत. तेथील शिकाऱ्यास दुकानांत शिरतांच प्रश्न पडतो, कीं गोळी साधी घ्यावी, कीं 'बाँडेड' म्हणजे सांधलेली घ्यावी ?

श्रोतेहो, प्रथम शिकारीच्या गोळीनें करावयाचें तरी काय, हें पाहूं. तिनें शरीरांत शिरतांना पसरावें, आणि पसरूनहि हृदय-फुप्फुसांपर्यंत पोंचावें. या दोन्ही मागण्या परस्परांच्या आड येतात. मुळींच न पसरणारी गोळी बारीक भोंक पाडून आरपार निघून जाते. जनावर दूर पळतें आणि झाडींत तडफडून मरतें. वाजवीपेक्षां फार पसरणारी गोळी वरच्यावर फुटते, आणि परिणाम तोच होतो.

पसरणाऱ्या गोळीच्या इतिहासाशीं आपल्या देशाचाहि संबंध आहे. कलकत्त्याजवळील दमदमच्या कारखान्यांत १८९० नंतरच्या दशकांत अशी गोळी तयार झाली आणि त्या ठिकाणाचें नांव तिला कायमचें चिकटलें. १८९९ सालीं हेगच्या परिषदेंत अशा गोळ्या युद्धांत वर्ज्य ठरल्या. उलट अमेरिकेंतील अनेक राज्यांत मोठ्या शिकारीसाठीं न पसरणारी लष्करी गोळी वर्ज्य आहे ! जी गोळी माणसावर झाडणें क्रूरपणाचें, तीच जनावरावर झाडणें दयेचें, हें चमत्कारिक वाटेल. परंतु जखमी सैनिकास उचलून नेणारा कोणीतरी असतो. जखमी हरणास कोणी नसतो.

आतां गोळीची घडण पाहूं. साध्या गोळींत शिशाचा गाभा असून त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचें पातळ कवच असतें. शिसें जड आणि मऊ. आपटतांच तें अळंब्याच्या छत्रीसारखें पसरतें. परंतु गाभा कवचांत नुसता दाबून बसविलेला असतो. गोळी सेकंदास ८०० मीटरांच्या वेगानें जाड हाडावर आदळली, कीं कवच एकीकडे आणि शिसें दुसरीकडे, असें होऊं शकतें. १९४६ सालीं जॉन नॉस्लर हे कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत मूस नांवाच्या प्रचंड सांबरवर्गीय जनावराच्या शिकारीस गेले असतां, चिखलानें माखलेल्या त्याच्या कातड्यावर त्यांच्या गोळ्या फुटल्या. त्यांतून त्यांनीं गाभ्याच्या मध्यें धातूचा पडदा असलेली गोळी बनविली. ती १९४८ सालीं बाजारांत आली. पुढें १९६० नंतरच्या दशकांत आयडाहो राज्यांतील बिल स्टायगर्स यांनीं गाभा व कवच सांधून एकजीव करण्याचा मार्ग धरला. तांब्याच्या भांड्यास कल्हई धरावी, तसें येथें शिसें तांब्यास धरून राहतें. अशी गोळी पसरते, पण विस्कटत नाहीं. पुष्कळदां तिचें नऊ-दशांश वजन शेवटपर्यंत टिकतें.

मग सर्वांनीं सांधलेलीच गोळी कां घेऊं नये ? कारण सर्व जनावरें सारखीं नसतात. पांढऱ्या शेपटीचें अमेरिकन हरीण साधारण आपल्या चितळाएवढें. तें शंभर-सव्वाशें मीटरांवर आडवें उभें असतां, पातळ फासळ्यांच्या आंत लगेच पसरणारी साधी गोळी आपलें काम चोख बजावते. रेमिंग्टन कंपनीची 'कोर-लॉक्ट' ही साधी गोळी १९३९ पासून याच कामावर टिकून आहे. सांधलेली गोळी महाग. शिवाय अंतर वाढून तिचा वेग सेकंदास ५५० मीटरांच्या खालीं आला, तर पुष्कळदां ती पुरेशी पसरत नाहीं, आणि बारीक भोंकाचा दोष पुन्हां उभा राहतो. एल्कची गोष्ट निराळी. त्याचा नर तीनशें किलोंच्या आसपास भरतो, आणि तो तिरपा उभा असेल तर फुप्फुसांच्या वाटेवर फऱ्याचें जाड हाड येतें. तेथें, किंवा अति वेगवान काडतूस जवळून झाडावयाचें असेल तेथें, सांधलेल्या गोळीस दिलेले अधिक पैसे सत्कारणीं लागतात.

एक गोष्ट घरच्या ताटाची. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनांत, शिशाच्या गोळ्यांनीं मारलेल्या ३० हरणांच्या खिम्याची क्ष-किरणांनीं तपासणी झाली. त्यांपैकीं २४ हरणांच्या खिम्यांत धातूचे कण आढळले. शिसें विषारी आहे; मुलांच्या मेंदूस तर फारच घातक. रानांत टाकलेल्या आंतड्यांतील हेच कण खाऊन कॅलिफोर्नियाचीं काँडोर गिधाडें मेलीं. १९८२ सालीं तीं अवघीं २२ उरलीं होतीं. म्हणून त्या राज्यानें २०१९ च्या जुलैपासून शिकारींत शिशाच्या गोळ्यांस सर्वस्वी बंदी केली. सांधलेल्या गोळीचे कण कमी उडतात, परंतु तिचा गाभा शिशाचाच. ज्यास ही भीति संपूर्णपणें टाळावयाची असेल, त्यानें निव्वळ तांब्याची गोळी घ्यावी, आणि तीहि कमी वेगावर नीट पसरत नाहीं हें ध्यानांत ठेवून अंतर आंखून घ्यावें.

तात्पर्य, गोळी विकत घेण्यापूर्वीं शिकाऱ्यानें स्वतःस तीन प्रश्न विचारावेत : जनावर कोणतें, अंतर किती, आणि मांस खाणार कोण ? यांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे निवड कठीण राहत नाहीं. मग तीच गोळी आपल्या रायफलींतून निशाणावर झाडून नेम पक्का करावा. कारण पोटांत लागलेली उत्तम गोळी फुप्फुसांत लागलेल्या साध्या गोळीची बरोबरी कधींच करूं शकत नाहीं; आणि नेमाची खात्री नसेल, तर घोड्यावरचें बोट काढून घेणें हेंच शिकाऱ्याचें कर्तव्य होय.