गोष्ट सांगावी कशी आणि राखावी कशी

गेल्या दिवाळींत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. शाळेंत असतांना निबंधाला दोन पानें नेमून दिलीं तर हा चार लिहीत असे. आतां तो चाळिशीला आला असून एका पतपेढींत हिशेबनीस आहे. फराळाचें ताट पुढें येण्यापूर्वींच त्यानें पिशवींतून १२० पानांचें एक बाड काढलें आणि माझ्या हातीं दिलें. ती चित्रपटाची पटकथा होती.

"गुरुजी, पांच वर्षें खपून लिहिली, पण अजून कोणाला दाखविली नाहीं."

"कां रे?"

"दाखविली आणि कोणी उचलली, तर?"

"बरें, दाखवूं नकोस. पण गोष्ट कसली आहे, एवढें तर सांगशील?"

त्यावर तो वीस मिनिटें बोलला. गांवाचा इतिहास झाला, पतपेढीची स्थापना झाली, संचालकांच्या दोन निवडणुका झाल्या. त्याचा चहा निवला, माझाहि निवला. परंतु गोष्ट कोणाची आणि त्या माणसाला हवें आहे तरी काय, हें मला शेवटपर्यंत उमगलें नाहीं.

श्रोतेहो, मी चित्रपटाच्या धंद्यांतला नव्हे. ३५ वर्षें खडू हातांत धरलेला मी एक मॅट्रिक शिक्षक. तथापि 'धड्याचा सारांश चार ओळींत लिहा' असें मुलांना सांगण्यांतच माझा जन्म गेला. आणि माझाच विद्यार्थी सारांशाला अडलेला पाहून मला चैन पडेना. लेखक आपल्या पटकथेची, आणि आपली स्वतःची, ओळख निर्मात्याला कशी करून देतात, याचा शोध घेण्यास मी तेव्हांपासून लागलों. त्यांत जें हातीं आलें तें आज आपणांपुढें ठेवणार आहें.

हा प्रकार जेथें सर्वांत अधिक रूढ झाला तें ठिकाण म्हणजे अमेरिकेंतील हॉलिवुड. तेथें या कामाला 'पिच' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द क्रिकेटमुळें घरोघर गेला आहे. तेथें मात्र त्याचा अर्थ, विकणारानें आपल्या मालाविषयीं केलेलें बोलणें, असा आहे. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिली पायरी एका-दोन वाक्यांची. तिला 'लॉगलाइन' असें नांव आहे. माणूस कोण, त्याला काय हवें, आड काय येतें, आणि तें न साधलें तर त्याचें काय जाईल, एवढें त्यांत यावें लागतें. हें वाक्य रुचलें तर लेखकास भेटीस बोलावतात. तेथें दहा-वीस मिनिटांत कथेचा आरंभ, मध्य आणि शेवट तोंडीं सांगावयाचा. त्यापुढें कांहीं पानांचा गोषवारा, आणि नंतर सबंध पटकथा. ती साधारण ९० ते १२० पानांची असते. एक पान म्हणजे पडद्यावरचा सुमारें एक मिनिट, असा त्या लोकांचा ढोबळ हिशेब आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टींतहि 'वन-लाइन' आणि 'नॅरेशन' हे शब्द रुळले आहेत. आणि सबंध पटकथा तास-दोन तास बसून निर्मात्याला ऐकविण्याची चाल आपल्याकडे चांगलीच मुरलेली आहे.

एका वाक्याचा एवढा आग्रह कशासाठीं? मला प्रथम हा घाईच्या लोकांचा उतावीळपणा वाटला. मग कारण ध्यानांत आलें. लेखकाचें बोलणें ऐकणारा मनुष्य आणि पैशाचा निर्णय घेणारा मनुष्य बहुधा एकच नसतो. ऐकणारा आपल्या वरिष्ठाला सांगतो, वरिष्ठ भांडवलवाल्याला सांगतो, भांडवलवाला वितरकाला सांगतो. आणि चित्रपट निघालाच, तर तो पाहून आलेला प्रेक्षक जिन्यांत भेटलेल्या शेजाऱ्याला सांगतो. या साऱ्या बैठकींना लेखक हजर नसतो. तेव्हां लेखकानें गोष्ट सांगावयाची ती ऐकणाराला भारून टाकण्यासाठीं नसून, ऐकणाराला ती पुढें सांगतां यावी यासाठीं. माझा विद्यार्थी वीस मिनिटें बोलला. परंतु तो गेल्यावर त्याची गोष्ट घरांत सांगावयाची म्हटली, तर मला एक वाक्यहि सांगतां आलें नसतें.

याचें उत्तम उदाहरण बॉब गेल या लेखकाचें आहे. १९८० सालीं तो सेंट लुई येथें आपल्या आईवडिलांकडे गेला असतां त्याला वडिलांच्या शाळेचें जुनें वार्षिक पुस्तक सांपडलें. वडील आपल्या वर्गाचे अध्यक्ष होते, हें त्याला त्यांत प्रथमच कळलें. त्याच्या मनांत आलें, 'मी यांच्याच वर्गांत असतों, तर आमची मैत्री झाली असती काय?' या एका प्रश्नावर त्यानें व रॉबर्ट झेमेकिस यानें 'बॅक टु द फ्युचर'ची पटकथा रचली. चाळिसांहून अधिक वेळां ती नाकारली गेली, असें गेलनें सांगितलें आहे. शेवटीं १९८५ सालीं चित्रपट निघाला आणि त्या वर्षीं अमेरिकेंत सर्वांत अधिक उत्पन्न त्यानेंच मिळविलें. इतके नकार पचवूनहि ती गोष्ट टिकली, कारण तिच्या गाभ्याला असलेला प्रश्न ज्याला ज्याला वडील आहेत त्या प्रत्येकाचा होता.

आतां स्वतःची ओळख कशी द्यावी, तें पाहूं. सिल्व्हेस्टर स्टॅलोन हा होतकरू नट आयर्विन विंकलर आणि रॉबर्ट चार्टॉफ या निर्मात्यांकडे काम मागावयास गेला होता. काम मिळालें नाहीं. दारांतून बाहेर पडतां पडतां, आपण लिहितोंहि, असें त्यानें सांगितलें, आणि त्यांनीं लिखाण पाहण्याची तयारी दाखविली. त्यांतून पुढें 'रॉकी'ची पटकथा त्यांच्या हातीं आली. नायकाचें काम मलाच द्याल तरच ती विकीन, हा त्याचा हट्ट त्यांनीं अखेर मान्य केला. १९७६ सालीं आलेल्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर मिळालें. संधि न मिळालेल्या मुष्टियोद्ध्याची ती कथा होती, आणि लिहिणाराहि संधि न मिळालेला नट होता. 'ही गोष्ट मीच कां लिहावी?' या प्रश्नाला ज्याच्या आयुष्यांत उत्तर आहे, त्याला पदव्यांची यादी द्यावी लागत नाहीं.

लेखक आणि निर्माता यांच्यामध्यें तेथें आणखी दोन माणसें उभीं असतात: एजंट आणि मॅनेजर. कॅलिफोर्नियांत एजंटाला राज्याचा परवाना लागतो. काम मिळवून देणें आणि करार ठरविणें हा त्याचा व्यवसाय, व त्याचें कमिशन बहुधा शेंकडा १०. मॅनेजराला असा परवाना नसतो, म्हणून काम मिळवून देण्याचा धंदा कायद्यानें त्याला करतां येत नाहीं. त्यानें लेखकाला सल्ला द्यावा, मसुदे सुधारून घ्यावे, योग्य माणसांशीं गांठ घालून द्यावी. नवख्याचें पत्र वाचावयास एजंटापेक्षां मॅनेजर अधिक राजी असतो. त्या पत्राची रीतहि सुटसुटीत आहे: एका पानाच्या आंत कथेचें तें एक वाक्य, स्वतःविषयीं दोन-तीन ओळी, आणि 'पटकथा पाठवूं काय?' ही विचारणा. बाड प्रथमच पाठवूं नये, विचारल्यावर पाठवावें.

येथवर सारें सरळ आहे. परंतु माझ्या विद्यार्थ्याची भीति खोटी होती काय? मुळींच नाहीं. जें वाक्य दुसऱ्याच्या तोंडीं सहज बसतें, तेंच दुसऱ्याच्या खिशांतहि सहज जातें. हा पेंच फार जुना आहे, आणि तो न्यायालयांपर्यंत गेलेला आहे.

१९४९ सालीं व्हिक्टर डेस्नी नांवाच्या एका लेखकानें प्रसिद्ध दिग्दर्शक बिली वाइल्डर याच्या कचेरींत दूरध्वनि केला. १९२५ सालीं केंटकी येथें फ्लॉइड कॉलिन्स हा मनुष्य गुहेंत अडकून मेला होता. त्या प्रकरणावरची चित्रपटकथा त्याच्याजवळ होती. एवढीं पानें साहेब वाचणार नाहींत, असें चिटणीसबाईंनीं सांगितल्यावर त्यानें ती तीन-चार पानांवर आणली, पुन्हां दूरध्वनि केला, आणि बाईंनीं ती लघुलिपींत उतरून घेतली. कथा वापरल्यास मोबदला हवा, हें आपण बजावलें होतें, असें त्याचें म्हणणें. १९५१ सालीं वाइल्डरचा 'एस इन द होल' हा चित्रपट आला. त्यांतहि एक मनुष्य गुहेंत अडकतो. डेस्नीनें दावा लावला. खालच्या न्यायालयांत तो हरला. परंतु १९५६ सालीं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला. नुसती कल्पना ही कोणाची मालमत्ता नव्हे. मात्र मोबदल्याच्या अटीवर ती सांगितली आणि ती अट जाणून दुसऱ्यानें ती ऐकली व वापरली, तर तेथें करार उत्पन्न होऊं शकतो, असें तत्त्व त्या निकालांत आहे.

आपल्याकडील प्रकरण याहून कडू आहे. आर. जी. आनंद यांनीं १९५३ सालीं 'हम हिंदुस्तानी' हें नाटक लिहिलें. चित्रपट-दिग्दर्शक मोहन सेहगल यांनीं जानेवारी १९५५ मध्यें दिल्लीस तें सबंध ऐकलें. १९५६ सालीं सेहगल यांचा 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आला. प्रांताभिमान आड येणारें लग्न दोहोंतहि होतें. दावा अखेर सर्वोच्च न्यायालयांत गेला, आणि १९७८ सालीं निकाल आनंद यांच्याविरुद्ध लागला. विषय, कल्पना, कथाबीज यांवर कोणाचा स्वामित्वहक्क नाहीं. त्यांची मांडणी ज्यानें केली त्या मांडणीवरच तो असतो. आणि दोघांची मांडणी वेगळी आहे, असें न्यायालयानें म्हटलें. नंतरच्या काळांत थोडा दिलासाहि मिळाला. २००३ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें एका दूरचित्रवाणी-मालिकेच्या प्रकरणांत असें मानलें कीं, पुरेशी विकसित केलेली नवीन कल्पना विश्वासानें सांगितली असेल, तर त्या विश्वासाच्या भंगाविरुद्ध दाद मागतां येते.

अशा दाव्यांचा दुसरा परिणाम असा झाला कीं, हॉलिवुडच्या मोठ्या कंपन्या न मागवितां आलेलें बाड वाचीतच नाहींत. एक तर तें तसेंच परत जातें, अथवा लेखकाकडून दाव्याचा हक्क मर्यादित करणारा कागद आधीं सही करून घेतात. चोराच्या भयानें घरमालकानें कुलूप लावावें हें ठीक. येथें चोरीच्या आरोपाच्या भयानें बाजारानेंच दार लावून घेतलें आहे! त्या बंद दारामुळेंच मधल्या मॅनेजराला एवढें महत्त्व आलें.

मग लेखकानें करावें काय? या निकालांतूनच उत्तर निघतें. वाक्य राखतां येत नाहीं. पानें राखतां येतात. म्हणून आधीं लिहावें, मग सांगावें. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणें लिहिलेल्या कृतीवरचा हक्क लिहितांक्षणींच निर्माण होतो. नोंदणी हा त्याचा पुरावा. मुंबईंतील स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही संस्था आपल्या सभासदांच्या पटकथा नोंदवून घेते. लॉस एंजेलिसमध्यें लेखकांचें गिल्ड हेंच काम करतें. भेट झाल्यावर त्याच दिवशीं 'आपण अमुक गोष्ट ऐकलीत, आभारी आहें' असें दोन ओळींचें पत्र धाडावें. सौजन्यहि झालें, तारीखहि राहिली. इतकें केल्यावर मात्र भय बाजूला ठेवून सांगावें. पेटींत ठेवलेली गोष्ट कोणी चोरीत नाहीं हें खरें. पण ती कोणी पाहतहि नाहीं.

हें सारें मीं माझ्या विद्यार्थ्याला सांगितलें. त्यानें बाडाची नोंदणी केली. नंतर तीन रविवार आम्हीं ओसरीवर बसून एका वाक्यासाठीं झगडलों. गांवाचा इतिहास गळाला, निवडणुका गळाल्या. तिसऱ्या रविवारीं तो थांबत थांबत म्हणाला, "गुरुजी, पतपेढी बुडणार हें तिच्या हिशेबनिसाला एकट्याला कळलें आहे, आणि त्याच्या आईची सारी पुंजी तींत आहे, तिचे पैसे काढावे तर बातमी फुटून गांव बुडेल, आणि न काढावे तर आई बुडेल."

मीं विचारलें, "आणि ही गोष्ट तूंच कां लिहावी?"

तो म्हणाला, "रोज संध्याकाळीं खातेवही मीच मिटतों."

आमची मंडळी आंत भाजी चिरीत होती. तिच्या कानांवर हें गेलें असावें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं शेजारच्या वहिनी दूध घ्यावयास दारांत आल्या त्या मलाच विचारूं लागल्या, "अहो गुरुजी, शेवटीं त्यानें आईचे पैसे काढले कीं नाहीं?" तेव्हां मला समजलें कीं, वाक्य चालूं लागलें आहे.

त्याचीं पत्रें तीन निर्मात्यांकडे गेलीं आहेत. एकाचा नकार आला; दोघांचें उत्तर अद्याप नाहीं. उत्तर येईलच असें मी म्हणत नाहीं. परंतु आजचें भाषण लिहितांना मीं त्याला विचारलें, "तुझें तें वाक्य सर्वांना सांगूं काय?" पांच वर्षें जो कोणाला एक पान दाखवीत नव्हता, तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "सांगा, गुरुजी. पानें माझ्यापाशीं आहेत."