सूर्याची राख आणि हौशी संशोधकांचा वाद

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्हांस संकोच वाटला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि आयुष्य पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात गेले. शास्त्रीय विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार नव्हे. तथापि एक जुने ऋण मनास टोचत आहे, ते आपल्या साक्षीने फेडावे म्हणून उभे राहिलो आहोत.

१९८८ सालची गोष्ट. चौथीच्या वर्गातील एका मुलाने विचारले, "गुरुजी, सूर्य एवढा जळतो, तर त्याची राख कोठे जाते?" वर्ग हसला. आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते. ते कबूल करण्याऐवजी, "खाली बैस, फाजील प्रश्न विचारू नकोस," असे म्हणून आम्ही त्यास गप्प केले.

गेल्या दिवाळीत तोच विद्यार्थी, आता मोठा अभियंता, आमच्या घरी आला. पायांवर डोके ठेवून हसत म्हणाला, "गुरुजी, राख सापडली. तिचे नाव हेलियम." त्या संध्याकाळी गुरू झाला तो, आणि शिष्य झालो आम्ही.

त्याने सांगितले ते असे. सूर्य लाकडासारखा जळत नाही. त्याच्या गाभ्यात हायड्रोजनची अणुकेंद्रे एकमेकांत मिळून हेलियम होते. यासच केंद्रकसंमीलन म्हणतात. दर सेकंदास सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे असे रूपांतर होते, आणि त्यातील सुमारे ४० लाख टन वस्तुमानाची ऊर्जा होऊन ती आपल्या अंगणात ऊन म्हणून उतरते. हा अग्नी पृथ्वीवर पेटविता आला, तर समुद्राच्या पाण्यातील जड हायड्रोजन हेच इंधन होईल.

या अग्नीच्या मागे केवळ सरकारी प्रयोगशाळाच लागल्या आहेत असे नव्हे. दूरचित्रवाणीचा एक आद्य संशोधक फायलो फार्न्सवर्थ याने अमेरिकेत 'फ्यूजर' नावाचे यंत्र योजिले. त्याचे एकस्व त्यास १९६६ साली मिळाले. हवा काढून घेतलेल्या भांड्यात तारांचा पोकळ गोल असतो. त्यास हजारो व्होल्टचा ऋण दाब दिला, की जड हायड्रोजनची केंद्रे मध्याकडे धावतात, आदळतात, आणि त्यांतील थोडी एकमेकांत मिळतात. असे यंत्र अमेरिकेतील अनेक हौशी गृहस्थांनी आपल्या घरच्या कार्यशाळेत उभारले आहे. टेलर विल्सन या मुलाने तर २००८ साली, वयाच्या १४ व्या वर्षी, त्यात संमीलन घडवून दाखविले. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या यंत्रात जेवढी वीज घालावी लागते, तिचा अत्यल्प अंशही परत मिळत नाही.

मग हे हौशी लोक वाद कशाचा घालतात? रॉबर्ट बसार्ड या शास्त्रज्ञाने तारांच्या गोलाऐवजी चुंबकीय वेटोळी वापरण्याची कल्पना काढली, आणि अमेरिकन नौदलाने त्यास द्रव्य पुरविले. २००५ सालच्या अखेरच्या प्रयोगांत मोजके न्यूट्रॉन दिसले, आणि पुढे यंत्राचे वेटोळेच निकामी झाले. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर हौशी मंडळींत दोन पक्ष पडले. एक म्हणे, मार्ग सापडला. दुसरा म्हणे, टॉड रायडर याने १९९५ च्या आपल्या प्रबंधात अशा यंत्रांची मर्यादा गणिताने दाखविली आहे, तिचे उत्तर आधी द्या. बसार्ड २००७ साली वारला, तरी वाद चालूच राहिला. त्या यंत्रापासून वीज अद्याप मिळालेली नाही.

शास्त्राचा वाद मग राजकारणात शिरतो. सरकारने सारा पैसा एकाच अवाढव्य यंत्रावर का घालावा, लहान प्रयोगांस चार दाणे का टाकू नयेत, असा त्यांचा सवाल असतो. तो अगदीच निराधार नाही. १९८० साली अमेरिकेने कायदा करून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत संमीलनाचे प्रात्यक्षिक यंत्र उभारण्याचे ठरविले, परंतु पुढे द्रव्य आटले आणि संकल्प कागदावरच राहिला. १९५१ साली तर अर्जेंटिनाचे अध्यक्ष पेरोन यांनी रिख्टर नावाच्या गृहस्थावर विश्वास ठेवून संमीलन साधल्याची घोषणा जगभर केली. चौकशीअंती त्यात तथ्य निघाले नाही. सत्तेस घाई झाली की शास्त्राची अशी फटफजिती होते.

आपल्या डॉ. होमी भाभांनीही १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून, दोन दशकांत ही शक्ती काबूत येईल, असे भाकीत केले होते. ते खरे ठरले नाही. परंतु त्यामुळे भाभा लहान होत नाहीत. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ साली 'आदित्य' हे यंत्र चालू झाले. फ्रान्समध्ये सात भागीदारांच्या सहकार्याने जे 'ईटर' यंत्र उभे राहत आहे, त्याचे प्रचंड शीतपात्र भारतानेच पुरविले. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेत लेसरच्या साह्याने, लक्ष्यावर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकून ३.१५ मेगाज्यूल मिळविली गेली. मात्र ते लेसर चालविण्यास सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खर्ची पडली. अर्धे सत्य सांगून टाळ्या मिळवू नयेत, म्हणून हा दुसराही आकडा सांगितला.

आता घरचे बोलतो. गेल्या पावसाळ्यात आपल्याच एका कुटुंबातील अकरावीच्या मुलाने असे यंत्र घरी करण्याचा ध्यास घेतला. वडिलांनी संतापून त्याच्या वह्या माळ्यावर टाकल्या आणि ते आमच्याकडे आले. आम्ही त्यांस म्हणालो, "आपली भीती खरी आहे. तो दाब क्षणात प्राण घेतो, आणि यंत्रातून क्ष-किरणही निघतात. घरी हा प्रयोग मुळीच करू देऊ नका. परंतु वह्या खाली काढा." मुलास सांगितले, "आधी गणित पक्के कर. पुढे महाविद्यालयात जाणत्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली हात घाल." वह्या खाली आल्या. मुलगा अजून थोडा रुसलेला आहे, पण गणित करीत आहे.

बंधुभगिनींनो, त्या परदेशी हौशी लोकांचे यंत्र वीज देईल न देईल. त्यांच्यापासून घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. त्यांतील भले लोक आपला आकडा मांडतात, दुसऱ्यास तो तपासू देतात आणि चूक निघाली तर कबूल करतात. आपल्या सभांत हे किती वेळा घडते, याचा ज्याने त्याने विचार करावा.

मंडळास आमची एवढीच विनंती आहे, की विद्यार्थी-गुणगौरवाच्या दिवशी एक तास मुलांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा. उत्तर ठाऊक नसेल तर वडील माणसांनी "ठाऊक नाही, शोधू या," असे म्हणावे. हे तीन-चार शब्द उच्चारण्यास आम्हांस सदतीस वर्षे लागली. आपणांस तेवढी लागू नयेत.